थीमिओसकाकाची सहा कवाडं

माझं नाव लिगेरी. आमच्या ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सडपातळ. हसून घ्या एकदाचं. नाव ठेवताना कुणाला काय ठाऊक असतं पुढं काय वाढून ठेवलंय ते! चौकातलं कॉफीचं दुकान माझं. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. आमच्या पेत्राला गावात जे काही घडतं ते आधी माझ्या टेबलांवर येतं आणि मग चर्चमध्ये जातं, त्यामुळं थीमिओसकाकाबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा. त्याला हे कळलं तर म्हणेल, "लिगेरी, विचारलं तेवढंच बोलावं." म्हणू दे. मला कुणी विचारलेलं नाही, तरी मी बोलणार.

काका आमचा जुना राखणदार. सरकारी माणूस, टोपीवर बिल्ला. ऑलिव्हची झाडं, अंजिरांचे तुकडे, दगडी बांध, सगळं त्याच्या नजरेखाली. कुणाची बकरी कुणाच्या कोवळ्या झाडाला लागली की काका खडकाआडून उगवलाच म्हणून समजा. त्यानं सख्ख्या आईच्या बकरीला दंड केला होता. आईनं दंड भरला आणि ईस्टरपर्यंत पोराशी अवाक्षर बोलली नाही. "नियम म्हणजे नियम," हे त्याचं पालुपद. उभ्या नोकरीत ड्यूटीवर त्याचा डोळा लागला नाही. भर उन्हात, दुपारी, जेव्हा आमच्याकडं कुत्रीसुद्धा सावलीत आडवी होतात, तेव्हाही हा बांधावर ताठ बसलेला असायचा.

रंगाचा नाद त्याला नोकरीतच लागला. हद्दीच्या दगडांवर लाल खुणा करायच्या असत. उरलेला रंग वाया कशाला घालवा म्हणून "बकऱ्यांना मनाई" या पाट्यांच्या कोपऱ्यात हा बकरी काढायला लागला. काय सांगू, अशी गोड बकरी, की पोरंसोरं मुद्दाम पाटी बघायला जायची आणि जाताना बकऱ्या बरोबर न्यायची. निवृत्त झाल्यावर तर त्याला रान मोकळंच झालं. होड्यांची नावं, परसातली दारं, गॅसचे सिलेंडर, काही म्हणून सोडलं नाही. माझ्या दुकानाची पाटी त्याचीच. तिच्यावर कॉफीचा पेला धरलेली एक बाई आहे. ती मी नाही. ती कानेलामावशी, त्याची बायको, नात्यानं कुणाचीच नाही पण सगळ्या गावाची मावशी. त्याच्या चित्रातली झाडून सगळी बायामाणसं म्हणजे कानेलामावशीच. देवाच्या आईचं चित्र काढलं तरी नाकाला तोच बाक. आमचे पाद्रीबाबा स्त्रातिस एकदा म्हणाले, "अहो थीमिओस, निदान देवाच्या आईला तरी वेगळं नाक द्या!"

"मी दुसरी बाई नीट बघितलीच नाही कधी, पाद्रीबाबा," काका म्हणाला. "कुठून आणू नाक?"

त्या दिवशी मावशीनं दुकानात येऊन सगळ्यांना कॉफी पाजली आणि वर काकाला शिव्या घातल्या. तिचं प्रेम असंच होतं, शिव्यांतून ओसंडणारं.

आता मावशीबद्दल सांगते, कारण तिच्यावाचून काका म्हणजे नुसती टोपी. मावशी आमच्या पंचक्रोशीतली मरणओव्या म्हणणारी. आमच्याकडं माणूस गेलं की बायका नुसत्या रडत नाहीत. एकजण उशाशी बसून हेल काढते आणि तिथल्या तिथं ओवी जुळवते. गेलेला कोण होता, त्यानं काय केलं, कुणी त्याचं काय केलं, सगळं त्यात येतं. भिडभाड नाही. तिचा दम संपला की नात्यातली दुसरी बाई ओवी उचलते, मग तिसरी. उचलणारी कुणी निघाली नाही तर त्याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट नाही, म्हणजे मेलेल्याला मागं कुणी नाही. आणि ज्यानं ओवी उचलली त्यानं मातीपर्यंत चालत जायचंच, मग पाय मोडलेला का असेना. मावशीनं गावातली निम्मी माणसं ओव्या म्हणून पोचवली. माझ्या नवऱ्यासाठी तिनं अशी काही ओवी जुळवली की त्याची दारूही त्यात आली आणि त्याचं हसणंही. मी रडता रडता हसले होते.

पण स्वतःच्या भावाला मात्र तिनं एकही ओवी म्हटलेली नव्हती.

सारांतोस तिचा धाकटा भाऊ. ती नवथर पोर होती तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं उन्हाळ्यात समुद्राकाठच्या खडकांच्या खळग्यांत मीठ धरतं. ते खरवडून आणायचं. अनवाणी जायचं, कारण जोड्यांनी पाय घसरतो. सारांतोस त्या दिवशी सकाळी बापाशी भर चौकात भांडला, रागारागानं मिठाला गेला आणि कड्यावरून पडला. जोडे वर, शेजारी शेजारी काढून ठेवलेले. त्याला शोधून काढला तो नव्यानं नोकरीला लागलेल्या राखणदारानं, म्हणजे आमच्या काकानं. त्या वेळच्या पाद्रींनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "जोडे कुठं होते?"

"कड्यावर. नीट ठेवलेले."

"बस्स," पाद्री म्हणाले, "बापाशी भांडून पोरानं जीव दिला." आणि जीव दिलेल्याला चर्चची माती नाही. सारांतोसला दफनभूमीच्या भिंतीबाहेर, खरनूबाच्या झाडाखाली पुरला. प्रार्थना नाही, ओव्या नाहीत, उकडलेल्या गव्हाचा प्रसाद नाही. बाकीच्यांची हाडं काही वर्षांनी उकरतात, लाल वाईननं धुतात, नाव घातलेल्या पेटीत ठेवून अस्थिघरात घरच्यांशेजारी मांडतात. मावशीची आई तिथं आहे, बापही आहे. सारांतोस मात्र भिंतीपलीकडं.

त्याच्या कमरेला मिठाची पिशवी बांधलेली होती, निम्मी भरलेली. जीव द्यायला निघालेला माणूस मीठ कशाला गोळा करेल? ते काकानं पाहिलं होतं. पण कुणी विचारलं नाही आणि काका बोलला नाही. नंतर बोलला, घसा कोरडा होईतो बोलला, पण तोवर माती पडली होती. भांडण कुठूनही सुरू होवो, घेवड्याच्या शेंगांवरून होवो की मांजरावरून, मावशी त्याला शेवटी इथंच आणून उभा करायची. "विचारलं तेवढंच बोललास!"

"साक्ष अशीच द्यायची असते, कानेला."

"साक्ष गेली चुलीत!"

मी एकदा तिला विचारलं होतं, "एवढा राग होता तर मग लग्न कसं केलंस गं याच्याशी?" ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "सगळे म्हणत होते, दोरी लावा आणि ओढा वर. हा म्हणाला, ओढायला ती काय होडी आहे? आणि उतरला खाली. पाठीवर घेऊन आला त्याला, एकटा. गुडघे फुटले होते याचे." मग शेंगांचं टोपलं माझ्या अंगावर ढकलून म्हणाली, "बसून काय राहिलीस, निवड की!"

आणखी एक सांगायचं राहिलं. मावशीचं जेवण अळणी. अगदी अळणी. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे थट्टा करायचे आणि तिच्या घरचं आमंत्रण आलं की पोट दुखतंय म्हणायचे. काकाच्या शर्टाच्या खिशात कागदाची पुडी असायची. ताटावर बसला की मावशीची पाठ वळायची वाट बघून चिमूट टाकायचा. मावशीला ते माहीत होतं, म्हणून ती पाठ वळवायची. आम्हाला वाटायचं, म्हातारीच्या जिभेला चव राहिली नाही. कुणी कधी विचारलं नाही. आम्ही सगळे काकाचेच भाऊबंद.

तर मावशीचे गुडघे गेले आणि तिनं एकच धोशा लावला. सारांतोसला आत आणायचा. "मी गेल्यावर त्याची हाडं धुणार कोण? त्याला कोण ओळखणार? त्याचा डावा हात लहानपणी मोडला होता, वाकडा जुळलाय, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?" आणि गंमत बघा नशिबाची. दफनभूमीची किल्ली होती काकाकडं. निवृत्तीनंतर गावानं त्याला चर्चचा विश्वस्त केलं होतं, त्याच्याइतका नियमाचा माणूस दुसरा कोण! पाद्री स्त्रातिस भला माणूस, तीन गावं सांभाळतो, पण तोही म्हणे बिशपसाहेबांची परवानगी हवी. त्यानं विचारलं, पुन्हा विचारलं. वरून होही नाही आणि नाहीही नाही.

"कुलूप उघड," मावशी म्हणायची.

"परवानगी येऊ दे."

"ती येईपर्यंत मलाच आत न्यावं लागेल!"

काका किल्ली खिशात टाकायचा. आणि संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन भिंतीबाहेरच्या त्या थडग्यावर दिवा लावून यायचा. भोवतीचे दगड दर ईस्टरला चुन्यानं रंगवायचा. भिंतीबाहेर दिवा लावू नये असा नियम नव्हता. असता तर माणसाची पंचाईत झाली असती.

हे असं चाललेलं असताना एवांथिया गावात परत आली. ही माझी मावसबहीण, अथेन्सला शाळेत शिकवायची. निवृत्त झाली आणि तिनं आमच्या गावाला संस्कृती शिकवायचं मनावर घेतलं. म्हणाली, ऑगस्टात बाहेरगावचे लोक सुटीला येतात, तर खळ्यावर नाटक करू. नाटक तेच, राजाची मनाई मोडून भावाला माती देणाऱ्या बहिणीचं. आमच्याकडं ते शाळेतच पोरांच्या घशाखाली उतरवतात. दोघे भाऊ एकमेकांना मारतात, राजा एकाला मानानं पुरतो आणि दुसऱ्याला उघड्यावर टाकतो. बहीण हातानं माती घालते, राखणदार तिला पकडतो, राजा तिला जिवंत गुहेत कोंडतो, आणि मग राजाच्या घरात मढ्यांवर मढी पडतात.

"करणार कोण नाटक?" मी म्हटलं. "गावात धड उभे राहू शकणारे पुरुष चार. त्यातला एक ठार बहिरा."

एवांथियाला वाटेत अडवणं सोपं नाही. ती म्हणाली, "नट नकोत. थीमिओसकाका चित्रं काढेल, कानेलामावशी ओव्या म्हणेल, मी मधेमधे गोष्ट सांगेन. चित्र, ओवी, चित्र, ओवी. बघ तर खरं!"

काका हरखला. बंद पडलेल्या घरांची कवाडं गोळा केली, मालक मेलबर्नला नाहीतर अथेन्सला. सहा जुनी निळी कवाडं घासून माझ्या दुकानामागं मांडली. आणि नाटक वाचायला घेतलं, बोट ओळीवर ठेवून, माझ्या टेबलावर, रोज. तिसऱ्या दिवशी त्यानं पुस्तक आपटलं.

"राखणदाराला नावच नाही!"

"काय झालं?" मावशी दारातून म्हणाली.

"सगळ्यांना नावं आहेत. राजा, राणी, पोरगी, पोरीची बहीण. राखणदार येतो, बोलतो, सगळं नाटक त्याच्यामुळं पुढं जातं, आणि त्याला नाव नाही. हा नसता तर नाटक तिथंच संपलं असतं!"

"मग संपू द्यायचं होतं!" मावशी आत आलीच. "पोरगी जगली असती. त्या मेल्यानं नुसती डुलकी काढली असती तरी पुरलं असतं."

"ड्यूटीवर? डुलकी?" काका उभा राहिला. "कानेला, राजानं बसवलंय त्याला तिथं. त्याच्या जिवाशी गाठ आहे."

"आणि हिच्या भावाशी गाठ नाही? राजा पुष्कळ बसवेल. डोळे मिटायला राजाची परवानगी लागते होय रे?"

ते नाटकाबद्दल बोलत नव्हते हे बहिऱ्यालाही कळलं. काकानं टोपी उचलली आणि मागं जाऊन राजाच्या दाढीला रंग द्यायला लागला. त्या दिवशी राजाची दाढी फार काळी झाली.

चित्रं मात्र भारी होत गेली. काकाचे लोक सगळे समोर बघतात, हात मोठे, डोळे मोठे. दोन भाऊ एकमेकांना भाल्यानं भोसकतायत आणि दोघांच्या चेहऱ्यावर लाज आहे. राजा सिंहासनावर बसलाय, पण त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. असं का, म्हणून मी विचारलं. "खुर्ची मोठी आहे ना," काका म्हणाला. आणि प्रत्येक कवाडाच्या कोपऱ्यात, जिथं पूर्वी बकरी असायची, तिथं राखणदार. मिशा काकाच्या. तो सगळं बघतोय.

अडलं ते ओव्यांवर. मावशीनं एवांथियाला धुडकावून लावलं. "रंगवलेल्या पोरीला मी रडणार नाही. मढं नसताना ओवी म्हटली तर ती मढं शोधत घरात शिरते. तुझ्या शाळेत शिकवलं नाही वाटतं?" एवांथियानं नाना परींनी समजावलं, हे कलेसाठी आहे म्हणाली. मावशी म्हणाली, "कलेला सांग, तिच्या घरचं कुणी मरू दे, मग येते." इथं हसू नका, आम्ही सगळेच हे मानतो. माझ्या दुकानात कुणी नुसता हेल काढला तरी मी टेबलाखालून तीनदा लाकूड ठोकते.

आणि मग कार्यक्रमाच्या आठवड्यात मावशी स्वतःहून आली. काठी टेकून उभी राहिली. "म्हणेन मी. शेवटच्या चित्रापुढं. पण कुणाला काय म्हणायचं ते मी ठरवणार."

एवांथियानं तिच्या गालाचे मुके घेतले. मी मात्र काकाकडं बघितलं. तो शेवटच्या कवाडासमोर ब्रश घेऊन बसला होता. त्यावर पोरगी भावाला माती घालते आणि राखणदार तिचा हात धरतो असं चित्र जवळजवळ पुरं झालेलं. काकानं ब्रश खाली ठेवला, मावशीकडं बराच वेळ बघितलं, आणि ते कवाड पाठीवर घेऊन घरामागच्या पडवीत नेलं. "सुकायचंय," म्हणाला. वर चादर टाकली ती खळ्यावर आणल्यावरही काढली नाही.

त्या संध्याकाळी सगळं गाव खळ्यावर होतं. आमचं खळं समुद्रावर झुकलेलं आहे, उफणणीला वारा लागतो म्हणून. सूर्य अजून पाण्यावर हातभर होता. सहा कवाडं अर्धगोल उभी केलेली, सहाव्यावर चादर. पाद्री स्त्रातिस पहिल्या खुर्चीवर. मी संत्र्याची साल घातलेली सॉसेजं आणि वाईन घेऊन मागं. काका कुठं दिसेना. मला वाटलं लाजला असेल.

एवांथियानं गोष्ट छान सांगितली, तिचं श्रेय तिला. दोन भाऊ झाले, राजा झाला, मनाई झाली. सुटीला आलेले लोक फोटो काढत होते, पोरं मिशीवाला राखणदार शोधून खिदळत होती. मग मावशी उठली, सहाव्या कवाडाकडं गेली, चादरीकडं पाठ केली आणि काळा रुमाल सोडून केस मोकळे केले. त्याबरोबर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या एकदम ताठ बसल्या. केस कुणी नाटकात सोडत नाही.

मावशीनं हेल काढला.

*सारांता रे माझ्या भावा, मीठ आणाया गेलास,*
*उन्हं कलली, दिस गेला, नाही घरी परतलास.*

*मीठ वेचाया गेलास, पायी नव्हती वहाण,*
*साठ वर्सं माझ्या घरी आळणीच रे जेवण.*

माझ्या हातातलं ताट कलंडलं. साठ वर्षं! आणि आम्ही मेले हसत होतो, पोट दुखतंय म्हणत होतो. पुरुषांच्या टोप्या उतरल्या. कुणी सांगितलं नाही, हात आपोआप गेले. आमच्याकडं ओवी ऐकली की टोपी डोक्यावर राहत नाही.

*आई आत, तू बाहेर, मधे दगडाची भिंत,*
*हाक येते तिच्या कानी, दार उघडेना संत.*

*ज्यानं पाठीवर तुला कड्यावरून आणला,*
*त्यालाच रे कुलपाचा राखणदार नेमला.*

इथं तिचा दम संपला. ती उभी राहिली, काठीवर दोन्ही हात, आणि वाट बघायला लागली. नात्यातली बाई ओवी उचलणार. पण मावशीच्या नात्यात होतं कोण? सगळे तिनंच पोचवलेले. लाट खडकावर आपटत होती, ती तेवढी ऐकू येत होती. एवांथिया माझ्याकडं बघत होती, तिला काहीच कळेना. मला कळत होतं. ही ओवी अशीच खाली पडली तर सारांतोस दुसऱ्यांदा बाहेर राहणार होता, या वेळी आम्हा सगळ्यांदेखत.

माझा आवाज बेडकाचा. मी जन्मात ओवी म्हटलेली नाही. पण तोंड उघडलं आणि आली ती आली, ठेचकाळत.

*सारांता रे, तुला कुणी नाही कसं म्हणू बाई?*
*तुझ्या बहिणीनं माझा धनी पोचवला नाही?*

जुळलं की नाही ते देव जाणे. मावशीनं माझ्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला की तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्यामागं तिसरीनं उचलली, मग चौथीनं. खळ्यावर नाटक उरलंच नाही. साठ वर्षं थांबलेली मयत होती ती. म्हाताऱ्या उठल्या, त्यांच्यामागं पुरुष. उचलली म्हणजे मातीपर्यंत जायचं. बिचारी एवांथिया, तिला काय करावं सुचेना, तिनं चादर ओढली.

सहाव्या कवाडावर पोरगी होती, बाकदार नाकाची, मूठभर माती भावावर सोडत असलेली. आणि शेजारी राखणदार झोपला होता. पाय पसरून, तोंड उघडं, मिशा वाऱ्यावर, टोपी डोळ्यांवर ओढलेली.

"पण नाटकात असं नाही!" एवांथिया ओरडली.

मावशीनं चित्र निरखून बघितलं. "बघ मेला," ती हळूच म्हणाली, "झोपलाय." आणि काठी टेकत दफनभूमीच्या वाटेला लागली.

सगळं गाव मागं. मी दुकानातून लाल वाईनचं भांडं उचललं आणि धापा टाकत त्यांना गाठलं. पाद्री स्त्रातिस माझ्या शेजारून चालत होता. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही घरी जा, तुमच्यावर येईल उद्या." तो म्हणाला, "कुणी विचारलंच तर सांगेन, नाटकात मला पाद्रीचं काम दिलं होतं."

फाटकापाशी माझी एक खुर्ची होती. दुपारपासून ती सापडत नव्हती. खुर्चीवर थीमिओसकाका. अंगात नोकरीतला जुना कोट, बिल्ल्याची टोपी डोळ्यांवर ओढलेली, पाय पसरलेले. आणि घोरत होता. इतकं खोटं घोरणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. किल्ली कुलपातच होती. भिंतीबाहेर खरनूबाखाली चुन्याचे दगड एका बाजूला नीट रचून ठेवलेले, माती वरवर उकरून भुसभुशीत केलेली. परात, पांढरं फडकं, फावडं. खुर्चीखाली एक नवी लाकडी पेटी, होडीच्या निळ्या रंगाची. पेटीवर सारांतोसचं नाव आणि नावाखाली एक पिशवी रंगवलेली. तोंड बांधलेली, फुगलेली, पांढरीशुभ्र. खाली छोट्या अक्षरांत लिहिलेलं: कमरेला होती.

मावशी पेटीसमोर उभी राहिली. वाचलं तिनं. मग काकाकडं वळली.

"जन्मभर राखण केलीस," ती म्हणाली, "आणि आज झोप लागली होय रे?"

काका आणखी जोरात घोरला.

"घोर, घोर. पण जरा हळू. आतले उठतील."

तिनं किल्ली फिरवली. हाडं आम्ही बायकांनी काढली, उजेड होता तोवर. डावा हात वाकडा जुळलेला निघाला. मावशीनं गुडघे टेकले, परत उठताना तिला दोघींनी धरावं लागलं. तिनं एकेक हाड वाईननं धुतलं, त्याच्याशी बोलत, जसं न्हाऊ घालताना पोराशी बोलतात. मग पेटी आत गेली, आईशेजारी. पाद्रीबाबानं त्याचं काम चोख केलं. या सगळ्यात काकानं एकदाही डोळे उघडले नाहीत. पण टोपीखालून मिशांवर पाणी ओघळत होतं. ते मी पाहिलं आणि आजवर कुणाला बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. मयतीनंतर करतात तसं माशांचं सूप. या खेपेला कुणाचं पोट दुखलं नाही. आम्ही दाटीवाटीनं बसलो, पोरं पायरीवर. मावशीनं पहिली थाळी काकासमोर ठेवली आणि सवयीनं पाठ वळवली. काकाचा हात सवयीनं खिशाकडं गेला. पण आधी त्यानं एक चमचा तोंडात घातला होता.

त्याचा हात खिशापाशीच थांबला.

मीही चाखलं. आई गं! साठ वर्षांचं मीठ बाईनं एकाच पातेल्यात घातलं होतं. पाद्रीबाबाला ठसका लागला, एवांथियानं पाण्याचा अख्खा तांब्या संपवला, पोरं थुंकायला बाहेर पळाली. मावशी वळली आणि कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"कसं झालंय?"

काकानं खिशातून हात काढला, थाळी उचलून तोंडाला लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग ती तिच्यापुढं धरली.

"आणखी वाढ," तो म्हणाला.